दसऱ्याला येणारा चाकू

माणिकराव मला आवडत असत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मास्तरांचं त्यांच्याशी जुनं वैर असावं. वैर नव्हतं. त्यांच्या समोरच्या घरात मी आठ-दहा वर्षं राहिलो, त्यांच्या ओट्यावर बसून चकाट्या पिटल्या, हिवतापाने आडवा झालो तेव्हा त्यांच्या घरून आलेल्या कण्यांवर पुन्हा उभा राहिलो. म्हणूनच राग गेलेला नाही. परक्याचा राग माणूस चार दिवसांत विसरतो.

गाव औंढ्याच्या अलीकडचं, शिरड शहापूरच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं. नाव सांगत नाही. तिथली बरीच माणसं अजून आहेत, आणि त्यांची लेकरं चांगली निघाली आहेत.

तिथे शाळेवर रुजू झालो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी अविवाहित होतो. दोन्ही गोष्टी कायमच्या वाटत. पहिल्याच आठवड्यात दारात बसून बोरू तासत होतो. माझा चाकू गंजलेला, पातं हलणारं. समोरच्या ओट्यावरून एक उंच, शिडशिडीत माणूस बराच वेळ बघत होता. स्वच्छ धोतर, कानात भिकबाळी, मिशा कातरून सारख्या केलेल्या. शेवटी त्याला राहवेना. गल्ली ओलांडून तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मास्तर, काहून हाल करून राहिले त्या गरिबाचे?"

"मोडत नाही हो बोरू, सवय आहे मला," मी म्हणालो.

"बोरूचं कोन म्हनून राहिलं? चाकूचं म्हनतो मी. द्या इकडं."

मी चाकू पुढे केला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हातात न्हाई. खाली ठेवा."

मी उंबऱ्यावर ठेवला, मग त्यांनी उचलला. मीठ आणि कात्री हातोहात देऊ नये, भांडण होतं, असं माझी आईही म्हणायची. पण घाईत असली की देऊन मोकळी व्हायची. माणिकरावांचं तसं नव्हतं. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुनी चाकू हातात दिला न्हाई, हातातून घेतला न्हाई," ते म्हणाले. "दोस्ती टिकली पायजे का न्हाई, मास्तर?"

चार दिवसांनी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर एक लखलखीत चाकू. माझाच होता. मी ओळखलाच नाही. पातं घट्ट बसलेलं, मूठ तेल पिऊन काळीभोर झालेली. असा माणूस कुणाला आवडणार नाही?

त्यांना चाकूंचा नाद होता. साधेसुधे चाकू नव्हेत, मिटणारे चाकू. तलवार, कट्यार, जंबिया असली हत्यारं त्यांच्या लेखी गावंढळ. "उघडं हत्यार काय, विळ्याचा थोरला भाऊ," म्हणत. "चाकूची खरी परीक्षा उघडन्यात न्हाई, मिटन्यात. मिटताना आवाज कसा आला पायजे? चांगल्या घरच्या सुनेनं कवाड लोटल्यासारखा." मग ते एखादा चाकू कानाशी धरून मिटत आणि डोळे बंद करून ऐकत. घरी चार बैलांची शेती होती, पण बैलांची नावं त्यांना गड्याला विचारावी लागत. चाकूंची नावं मात्र त्यांनीच ठेवलेली. पितळेचा, माशाच्या आकाराचा होता ती मासोळी. अरुंद, रोडका, फक्त बोरू तासायच्या कामाचा तो मुनीम. आणि हस्तिदंती मुठीचा, हैदराबादहून आणलेला, सणासुदीलाच बाहेर येणारा आणि कशाचाही तुकडा पाडता न येणारा, त्याचं नाव जावई.

हे सगळे शिसवी पेटीत राहत. पेटीत कप्पे, कप्प्यांत लाल गादी, प्रत्येक चाकू मलमलीत गुंडाळलेला. पंधरा दिवसांनी एकदा ओट्यावर चटई टाकून करडईच्या तेलाचा हात फिरवायचा. त्या वेळी कुणी हाक मारली तर ओ यायची नाही. लाल गादी कशाची, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. काशीवहिनी बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. "माज्या लग्नाचा शालू व्हता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी माहेरी गेले व्हते. आले तर सवती त्याच्यावर निजलेल्या."

त्यांची एक गोष्ट गावात हसून हसून सांगितली जाई. मीही सांगितली आहे, म्हणून इथेही सांगतो. गोठ्यात गोऱ्ह्याला दावणीचा फास बसला. गडी ओरडत आला, "मालक, चाकू द्या, जनावर गुदमरून राहिलं!" माणिकराव ताडकन उठले, पेटी उघडली आणि विचारात पडले. मासोळीची धार दाव्याने जायची. मुनिमाचं पातं वाकायचं. जावयाचा प्रश्नच नव्हता. एक काढला, बघितला, गुंडाळून ठेवला. दुसरा काढला. तोवर वहिनींनी स्वयंपाकघरातून विळी पाटासकट उचलून नेली, दावं कापलं, गोऱ्हा उठून उभा राहिला, आणि मग माणिकराव हातात एक बोथट चाकू घेऊन गोठ्याच्या दाराशी आले. म्हणाले, "ह्यो चालंल."

आम्ही किती हसायचो. त्या गोष्टीत हसण्यासारखं काय होतं, हे आता मला समजत नाही.

खंडेनवमीला त्यांच्या ओट्यावर दरबार भरायचा. पाटावर पांढरं धोतर अंथरून सगळे चाकू मांडत, झेंडूची फुलं, हळदकुंकू, अक्षता. मिटलेल्या शस्त्राला फूल वाहायचं नाही असा त्यांचा दंडक, त्यामुळे प्रत्येक चाकू उघडून ठेवलेला. त्यांच्यासारखेच दोन नादिष्ट त्या दिवशी आपापले चाकू घेऊन येत. एक हिंगोलीचे भाऊसाहेब वकील, गोरे, गुबगुबीत, सगळे चाकू विलायती. दुसरा जवळच्या तांड्याचा शंकर नाईक. त्याच्याजवळ एकच चाकू होता, हाडाच्या मुठीचा. आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायचे तेव्हापासूनचा. वकिलांनी त्याच्या बदल्यात आपल्याजवळचे तीन देऊ केले होते. नाईक म्हणाला होता, "साहेब, ह्यानं माजी नाळ कापली. तुमच्या तिनांनी काय कापलं?"

चौथा माणूस दस्तगीर शिकलगार. ओढ्याकाठी त्याची झोपडी, पुढे सहाणेचं चाक, शेजारी भाता. बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. गावातल्या विळ्या-कोयत्यांना धार लावायची आणि उरलेला दिवस थापा मारायच्या. माणूस मोठा गोड आणि मोठा आळशी. तोंडात विडी असेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, आणि विडी कधी विझू द्यायचा नाही. पण हात असा की वकिलांच्या विलायती चाकूची, पातं घट्ट धरणारी तुटलेली कमान त्याने बदलली तर जुनी कुठली आणि नवी कुठली हे वकिलांनाही सांगता आलं नाही.

मी आलो त्याच्या पुढच्या खंडेनवमीला दस्तगीरने कोळशाचा तुकडा घेतला आणि ओट्याच्या फरशीवर एक चित्र काढलं. चिंचेच्या लांबट आकड्यासारखा आकार. "मालक, असा चाकू सगळ्या मुलखात न्हाई," तो म्हणाला. "अंगठ्यानं दाबलं की पातं बाहेर. नखाची खाच नक्को, दोन हात नक्को. सांबराच्या शिंगाची मूठ. पुढच्या दसऱ्याला बराबर देतो. दस्तगीर की जबान हाय."

तिघंही त्या चित्रावर वाकले. वकिलांनी चष्मा पुसला. नाईकाने बोटाने रेघ मापली. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून माणिकरावांनी पेटीच्या मधोमध एक नवा कप्पा करून घेतला. उरलेल्या शालूची गादी त्यात घातली. तेव्हापासून पेटी बघायला आलेल्याला ते आधी तो रिकामा कप्पा दाखवत. "हितं येनार हाय," म्हणत. पाहुणा बिचारा रिकाम्या गादीकडे बघून मान डोलवायचा.

पुढच्या दसऱ्याला दस्तगीरने खरंच एक चाकू आणला. वकिलांनी आधी वर्षभर उंची तंबाखू पोचवून त्याला फोडलं होतं, त्यामुळे तो पहिला चाकू त्यांच्या पदरात पडला. माणिकराव चार दिवस जेवले नाहीत नीट. पण देव पाठीशी होता. महिन्याभरात हिंगोलीच्या कचेरीत वकीलसाहेब मुन्सफापुढे अदबीने वाकले, खिशात कुठेतरी कळ दाबली गेली, आणि चाकू आतल्या आत उघडला. साहेबांनी अशी किंकाळी फोडली की मुन्सफाला वाटलं अशील डसला. पुढे आठवडाभर ते उभ्याने काम चालवत होते.

ही हकिगत कळली तेव्हा माणिकरावांनी गूळ वाटला. दस्तगीरला मात्र ती मनाला लागली. "कळ वर ठेवली, ती चूक झाली," तो म्हणाला. "आता अशी लपवतो की बघणाऱ्याला नुसती शिंगाची कांडी दिसंल. न खाच, न खिळा. ज्याला दावली त्यालाच उघडंल. मालक, ह्यो तुमाला. पयला तुमाला."

माणिकराव म्हणाले, "कधी?"

"दसऱ्याला."

त्यानंतर किती दसरे गेले. एका वर्षी शिंगाला तडा गेला. एका वर्षी पोलाद जास्त तापलं. एका वर्षी "हात जमला मालक, पण मन जमंना." माणिकराव घरचं तूप पाठवत, वकील हिंगोलीहून तंबाखू पाठवत, कारण दुसरा चाकू तरी आपल्याला मिळावा असं त्यांना वाटे. मला तर शंका यायची की दस्तगीरला तो चाकू पुरा करायचाच नाही. चाकू झाला असता तर तूप थांबलं असतं. पण संध्याकाळी त्याच्या झोपडीवरून गेलं की तो भिंगातून काहीतरी बारीक घासत बसलेला दिसायचा, आणि मला बघून ते मांडीखाली लपवायचा. "मास्तर, आत्ताच नक्को," म्हणायचा. माणिकरावांचं सगळं बोलणं हळूहळू त्या एका चाकूभोवती फिरू लागलं. पाऊस कमी झाला तर म्हणत, "चाकू आला की जवारीचं बघू." शेजारच्या घरी माणूस गेलं तरी मसणवाटेवरून परतताना त्यांनी मला विचारलं होतं, "मास्तर, कळ मुठीच्या बुडात असंल का पाठीवर?"

मग रजाकारांचे दिवस आले. त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांनी सोसलं त्यांना सांगायची गरज नाही. शिमग्याच्या सुमारास एका दुपारी दहा-बारा बंदुकवाले लॉरीतून उतरले. हिंदूंच्या घरातली हत्यारं चावडीवर जमा करा, म्हणाले. एका म्हाताऱ्याच्या घरात खापरपणजोबांची गंजलेली तलवार निघाली, त्याला त्यांनी वेशीपर्यंत मारत नेलं. गावाने आपापलं कणग्यांत, उकिरड्यांत लपवलं. माणिकरावांना निरोप मिळाला तेव्हा ते ओट्यावर तेल लावत होते. पेटी उचलून आत न्यायला कितीसा वेळ? पण तेलाचा चाकू मलमलीत नीट गुंडाळल्याशिवाय कप्प्यात ठेवायचा नाही. ते गुंडाळत बसले. मी माझ्या दारातून खुणा करत होतो. बंदुकवाले गल्लीत आले तेव्हा निम्मे चाकू अजून चटईवर होते.

"ये क्या है? इतने हथियार?" त्यांच्या म्होरक्याने विचारलं.

माणिकरावांच्या हातातली मलमल तरीही सुटली नव्हती. तेवढ्यात विहिरीकडून दस्तगीर आला, तोंडात विडी, खांद्यावर घागर.

"साब, वो मेरा माल है," तो म्हणाला. "लोगाँ धार को दिये. हमारे घर को धूप आती, इधर छाँव में बैठ को काम करतूँ."

म्होरक्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अशी थप्पड मारली की घागर फुटली, टोपी उडाली. दस्तगीरने टोपी उचलली, झटकली, घातली. एकेक चाकू पेटीत ठेवला, पेटी डोक्यावर घेतली आणि त्यांच्या देखत ओढ्याकडे चालू लागला. त्यांनी त्याला जाऊ दिलं. माणिकराव वाचले. ती पेटी त्यांची ठरली असती तर त्या दिवशी ते चावडीवरून चालत परत आले नसते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

महिन्याभराने, जरा निवळल्यावर, दस्तगीर पेटी परत घेऊन आला. नेमाप्रमाणे ओट्यावर खाली ठेवली. माणिकरावांनी ती उघडली. सगळे होते, सगळ्यांना तेलाचा हात होता. मी शेजारी बसलो होतो. मला वाटलं, आता हे उठून त्याला मिठी मारतील. ते पेटीत बघत राहिले आणि म्हणाले, "मासोळीची मलमल काहून बदलली?"

"थप्पड बसली तवा नाकातून रगत आलं मालक," दस्तगीर म्हणाला. "जवळ तीच व्हती. ही माज्या पटक्याची हाय, धुतलेली."

"बरं," माणिकराव म्हणाले. मग म्हणाले, "अन् आपला चाकू?"

"दसऱ्याला. औंदा नक्की."

त्यानंतर लवकरच शाळा बंद पडली. गावोगावची माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात जात होती. मीही वाशीमला बहिणीकडे गेलो. निघताना माणिकरावांना म्हणालो, तुम्हीही चला. ते म्हणाले, "पेटी घेऊन कसा येऊ? अन् दसरा जवळ आला." दसऱ्याला तेव्हा चार महिने होते.

पावसाळा सरता सरता फौजा आल्या आणि राज्य गेलं. पाच दिवसांत आटोपलं. वाशीमला आम्ही पेढे वाटले. मग बातम्या येऊ लागल्या त्या पेढ्याच्या नव्हत्या. बंदुकवाले तर पहिल्या दिवशीच पळाले होते. ज्यांना पळायचं कारण नव्हतं ते साधे मुसलमान गावात राहिले होते, आणि लोकांचा दोन वर्षांचा राग त्यांच्यावर निघत होता. राग खोटा नव्हता. माणसं चुकीची होती. मी खंडेनवमीला परत आलो. औंढ्यापासून चालत आलो, ओढ्यावरून गावात शिरलो. दस्तगीरच्या झोपडीची राख पावसाने बसलेली होती. सहाणेचं चाक तेवढं आडवं पडलं होतं.

माणिकराव ओट्यावरच होते. पाट मांडलेला, फुलं आणलेली. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं मी पाहिलं ते दुसरंच कुणाचं घर असावं.

"मास्तर! बराबर टायमाला आले. चाकू आला!"

पाटावर सगळे चाकू उघडे ठेवलेले होते आणि मधोमध एक सांबरशिंगाची कांडी. न खाच, न खिळा, न सांधा. खरोखर नुसती कांडी. तळहाताएवढी, गुळगुळीत. एवढं सुंदर काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही, हेही खरंच सांगितलं पाहिजे.

"दस्तगीर कुठंय?" मी विचारलं.

"सांगतो ना. बसा. दुपारची येळ व्हती. दार वाजलं. उघडलं तर दस्तगीर. डोक्यावर टोपी न्हाई, पायात पायतान न्हाई. वड्याकडून गलका येऊन राहिला व्हता. मला म्हनतो, मालक, झाला. अन् हात पुढं केला. हातात ह्यो! मास्तर, काळीज असं उडून राहिलं व्हतं माजं, पर तशात बी मी हातात घेतला न्हाई. खाली ठेव, म्हनलं. त्यानं उंबऱ्यावर ठेवला, मी उचलला. नेम मोडला न्हाई."

ते माझ्याकडे शाबासकीसाठी बघत होते.

"मग?"

"मग त्यो म्हनला, आत घ्या मालक, कळ दावतो."

"मग?"

माणिकराव पाटावरची फुलं सारखी करू लागले. उत्तर आतून आलं. काशीवहिनी दाराच्या चौकटीत येऊन उभ्या होत्या.

"मग दार लावलं," त्या म्हणाल्या. "मी म्हनत व्हते, त्याला कोठीत घाला, मी वरून कडबा टाकते. माजा हात कडीवरून काढला ह्यांनी. घरात एवढे चाकू हायेत, म्हनले, लोकं झडती घ्यायला आत आले तर आपल्याला बी ठेवनार न्हाईत. त्यो बाहीर थोडा येळ उभा व्हता, भाऊजी. मालक, कळ दावायची राहिली, म्हनला. दोनदा म्हनला. मग पळाल्याचं ऐकू आलं."

"खोटं हाय का?" माणिकराव मला म्हणाले. "आले असते का न्हाई आत? तुमीच सांगा."

दार लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दस्तगीर ओढ्यापलीकडच्या बाभळीत मेलेला सापडला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या पात्यांना धार लावणाऱ्या माणसाजवळ त्या दिवशी तेवढं एकच पातं होतं, आणि ते त्याने उंबऱ्यावर ठेवलं होतं.

भाऊसाहेब वकील त्या वर्षी आले नाहीत, रस्ते सुरळीत नव्हते. शंकर नाईक आला, पण चाकू न घेता. ओट्यावर चढला नाही. गल्लीत उभा राहून पाटाकडे बघत म्हणाला, "माणिकराव, दोन घरं मी तांड्यावर ठेवली व्हती. बायका-लेकरांसगट. कुडाच्या खोपटात. लोकं आले, मी म्हनलं, हितं आमीच हाव. गेले परत." मग म्हणाला, "तुमच्या घराला दगडी भिंती हायेत. दस्तगीरला मातीबी मीच दिली." आणि तो निघून गेला. माणिकराव पाटाकडे वळले.

पूजा राहिली होती. त्यांनी एकेका चाकूला कुंकू लावलं, फूल वाहिलं. मासोळी, मुनीम, जावई. मधल्या कांडीपाशी आले आणि अडले. मिटलेल्या शस्त्राला फूल वाहायचं नाही. त्यांनी ती उचलली, अंगठ्याने दाबली, उलटी केली, पुन्हा दाबली. बुड दाबलं, पाठ दाबली. दातात धरून ओढली. ते हे पहिल्यांदा करत नव्हते, हे दिसत होतं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं होतं. औंढ्याच्या लोहाराकडे जाऊन आले होते, वहिनींनी सांगितलं. तो म्हणाला, फोडून बघतो. त्याला हे तयार नव्हते.

इतकी वर्षं त्या चाकूसाठी झुरले आणि तो हातात आला तेव्हा तो त्यांना उघडेना. मला त्यांची कीव आली पाहिजे होती. नाही आली. मी उठलो, ओट्यावरून खाली उतरलो.

"मास्तर," ते मागून म्हणाले. आवाज लेकरासारखा झाला होता. "तुमी त्याच्याकडं जात व्हते. त्याला काम करताना बघत व्हते. तुमाला ठाऊक आसंल कळ कुठं हाय. बघा बरं जरा."

मी वळून बघितलं. माणिकरावांनी ती कांडी तळहातावर धरली होती आणि हात माझ्यापुढे केला होता. खाली ठेवली नव्हती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते हातोहात चाकू देत होते, आणि त्यांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं.

"खाली ठेवा," मी म्हणालो.

हे दोन शब्द त्यांना आधी समजले नाहीत. मग समजले. त्यांनी चाकू ठेवला नाही, हातही मागे घेतला नाही. दारात उभ्या असलेल्या वहिनी आत निघून गेल्या. मी गल्ली ओलांडून माझ्या घरात आलो आणि सामान बांधायला घेतलं. ट्रंक घेऊन बाहेर पडलो तेव्हा फुलांवर माश्या बसल्या होत्या, आणि समोरच्या ओट्यावर माणिकराव अजून तसाच हात पुढे करून बसले होते.